गौरवाचा बुरूज

महाड तालुक्यातल्या माणसाला हिरकणीची गोष्ट कोणी सांगावी लागत नाही. रायगडाच्या पायथ्याशी तिच्या नावाची वाडी आहे, गडाच्या पश्चिम अंगाला तिच्या नावाचा बुरूज आहे. रायगड कधी न पाहिलेला परगावचा उतारूही एसटीच्या ‘हिरकणी’ नावाच्या निमआराम गाडीने प्रवास करतो आणि स्थानकावर ‘हिरकणी कक्ष’ अशी पाटी वाचतो. तान्ह्या मुलाला पाजण्यासाठी केलेल्या आडोशाला तिचे नाव द्यावे, यात औचित्य आहे. पण एखादे नाव इतक्या पाट्यांवर चढले म्हणजे त्या नावामागचे माणूस हळूहळू दिसेनासे होते, हाही आपला अनुभव आहे.

गोष्ट थोडक्यात अशी. गडाखालच्या वाडीतली एक गवळण दूध घालावयास वर गेली. परतायला उशीर झाला, सांज झाली आणि गडाचे दरवाजे मिटले. घरी तान्हे मूल. पहारेकऱ्यांनी नियमावर बोट ठेवले. तेव्हा ती रात्रीच्या वेळी कडा उतरून घरी गेली. महाराजांना हे कळले तेव्हा त्यांनी तिचा गौरव केला आणि ज्या जागेवरून ती उतरली तिथे बुरूज बांधविला. समकालीन कागदपत्रांत तिची नोंद आढळत नाही. ही लोकांच्या तोंडी राहिलेली कथा आहे. पण लोककथा कधी कधी सांगणाराच्या ध्यानीमनी नसलेले सत्यही सांगून जाते. बुरूज बांधतात तो संरक्षणासाठी. जिथून एक बाई उतरू शकली तिथून शत्रू चढू शकेल, हे राजाच्या चाणाक्ष नजरेने हेरले असले पाहिजे. म्हणजे ज्या बांधकामाने हिरकणीचा सन्मान झाला, त्याच बांधकामाने तिने शोधलेली वाट बंद झाली. सन्मान आणि बंदोबस्त ही दोन्ही कामे एकाच चिरेबंदीने उरकली.

या कथेवर प्रसाद ओक यांनी दिग्दर्शित केलेला ‘हिरकणी’ हा चित्रपट २४ ऑक्टोबर २०१९ रोजी, दिवाळीच्या तोंडावर, प्रदर्शित झाला. पटकथा चिन्मय मांडलेकर यांची होती आणि हिरकणीचे काम सोनाली कुलकर्णी हिने केले होते. नामसाम्यामुळे घोटाळा होऊ नये म्हणून सांगावयाचे, की ‘दोघी’ (१९९५) या चित्रपटामुळे मराठी रसिकांना परिचित झालेली सोनाली कुलकर्णी ती वेगळी. ही १९८८ साली जन्मलेली, ‘नटरंग’मधली. त्या दिवाळीत चित्रपटाचे गुणदोष पुष्कळ सांगून झाले. तेच पुन्हा सांगण्याचे प्रयोजन नाही. आता काही वर्षे लोटल्यावर मला जो प्रश्न पडतो तो नटीविषयीचा आहे. मोठ्या यशाबरोबर लाभलेला गौरव नटीच्या पुढच्या वाटेचे काय करतो? या प्रश्नाचे उत्तर शोधावयास सोनाली कुलकर्णीची वाटचाल फार उपयोगी पडते; कारण तिच्या आयुष्यात असा बुरूज फार लवकर, वयाच्या एकविसाव्या वर्षीच, बांधला गेला.

तिचे नाव लोकांपुढे आले ते केदार शिंदे यांच्या ‘बकुळा नामदेव घोटाळे’ (२००७) या चित्रपटाने. भरत जाधव आणि सिद्धार्थ जाधव या दोन कसलेल्या विनोदी नटांच्या मध्ये उभे राहून आपले अस्तित्व जाणवून देणे, हे नवख्या मुलीला सोपे नव्हते. ते तिने केले. ही ग्रामीण ठसक्याची, मोकळ्या अंगाची बकुळा आज फारशी कोणाच्या स्मरणात नाही, याचे कारण ती वाईट होती हे नव्हे. कारण तिच्यामागून आलेली दुसरी एक मूर्ती इतकी झगझगीत होती, की तिच्या उजेडात बकुळा दिसेना.

ती मूर्ती म्हणजे ‘अप्सरा’. आनंद यादव यांच्या कादंबरीवरून रवी जाधव यांनी केलेला ‘नटरंग’ १ जानेवारी २०१० रोजी पडद्यावर आला. अजय-अतुल यांचे संगीत, गुरू ठाकूर यांचे शब्द, बेला शेंडे यांचा आवाज आणि फुलवा खामकर यांनी बसविलेले नृत्य एवढी सामग्री ‘अप्सरा आली’ या एका लावणीमागे उभी होती. तिच्यासमोर उभी राहणारी सोनाली त्या सामग्रीला पुरून उरली. नृत्यातली तिची सफाई, नजरेतला विश्वास आणि फडावरच्या बाईची ऐट यांत उणे काढण्यासारखे काही नव्हते. लावणी शहरातल्या लग्नसमारंभांत आणि शाळांच्या संमेलनांत जाऊन पोहोचली, ती या लावणीपासून, असे म्हटले तर फारशी अतिशयोक्ती होणार नाही.

परंतु ‘नटरंग’ ही गोष्ट कोणाची? ती गुणा कागलकरची. पिळदार शरीराचा, कुस्तीचा अभिमान बाळगणारा शेतमजूर कलेच्या ओढीने फड उभा करतो आणि स्वतः नाच्या होतो. त्याची विटंबना, त्याची जिद्द, त्याचे घर गमावणे. फडात नाच्या असलाच पाहिजे ही अट मात्र नयना घालते. म्हणजे कथेचे चाक जिच्या हाताने फिरले, ती नयनाच. पण चाक फिरविल्यावर तिचे काय झाले, तिला त्या अटीची किंमत मोजावी लागली की नाही, या चौकशीत चित्रपटाला रस नाही. तमाशात गण होतो, गवळण होते आणि मग वग सुरू होतो. गवळणीत रूप असते, थट्टा असते, रंगत असते. वगात माणूस काहीतरी करतो आणि त्याचे फळ भोगतो. ‘नटरंग’मध्ये वग अतुल कुलकर्णीच्या वाट्याला आला आणि गवळण सोनालीच्या. तिने गवळण इतकी रंगविली, की तिच्याकडून पुढे प्रत्येकाला गवळणच हवीशी झाली.

यानंतरची सात-आठ वर्षे पाहावीत. नितीन चंद्रकांत देसाई यांच्या ‘अजिंठा’त (२०१२) ती पारो झाली, मेजर गिल लेण्यांतली चित्रे उतरवितो आणि पारो त्या चित्रांशेजारी उभी राहते. इथेही ती पाहिली जाण्यासाठीच आहे, फक्त पाहणारा फडासमोरचा पटकेवाला नसून परदेशी चित्रकार आहे. ‘ग्रँड मस्ती’ (२०१३) या हिंदी चित्रपटात तिच्या वाट्याला काय आले याविषयी न बोलणे बरे. ‘मितवा’त (२०१५) शहरी प्रेमकथेची नायिका झाली. ‘पोश्टर गर्ल’ (२०१६) हा त्यातल्या त्यात निराळा प्रयत्न. मुलींची संख्या घटलेल्या गावात आलेली एकुलती लग्नाची मुलगी, ही कल्पना विनोदाच्या आवरणाखाली बरीच बोचरी होती आणि सोनालीने तो बोच सांभाळला. पण त्या चित्रपटाचे नावसुद्धा ध्यानात घ्यावे! भिंतीवर चिकटवण्याचे चित्र. पुढे दूरचित्रवाणीवर लावणीस्पर्धेचा कार्यक्रम निघाला त्याला नाव दिले ‘अप्सरा आली’, आणि परीक्षकाच्या खुर्चीत बसविली सोनाली. नऊ वर्षांपूर्वीच्या एका गाण्याची राखण करावयास त्या गाण्याच्या नायिकेलाच नेमले, असा हा प्रकार होता.

यात तिचा दोष किती आणि परिस्थितीचा किती? या पिढीच्या नटनट्यांची परिस्थिती ध्यानात घेतली पाहिजे. १९८०-९० च्या सुमारास जन्मलेली ही मुले ऐन उमेदीत आली तेव्हा, २००४ च्या ‘श्वास’नंतर, मराठी चित्रपटाला नवा हुरूप आला होता. वाहिन्यांचा पैसा आला, नवे दिग्दर्शक आले. पण त्याबरोबर नटाचे जे जे यशस्वी झाले ते ते पुन्हा पुन्हा विकण्याची सोयही आली. पूर्वी एखाद्या चित्रपटातले गाणे गाजले तरी ते गाणे पाहावयास चित्रपटाच्या तंबूतच जावे लागे. आता ते गाणे चित्रपटापासून सुटे होते, समारंभात वाजते, स्पर्धेत नाचले जाते, हातातल्या फोनवर रात्रंदिवस फिरते. भूमिका विसरली जाते आणि तिचा एक तुकडा अमर होतो. नटीला त्या तुकड्यासारखे राहण्याचा मोबदला मिळतो. त्याच्याबाहेर पडण्याचा मिळत नाही.

जयश्री गडकर हिची आठवण इथे टाळता येत नाही. तिचाही आरंभ समूहनृत्यातून झाला आणि १९५९ च्या ‘सांगत्ये ऐका’ने तिला तमाशाच्या फडावर उभे केले. तो चित्रपट पुण्यात शंभराहून अधिक आठवडे चालला. एवढ्या यशानंतर तिला जन्मभर पायांत चाळ बांधून ठेवणे सहज शक्य होते. पण १९६१ मध्ये ‘मानिनी’ आला आणि १९६५ मध्ये भालजी पेंढारकरांच्या ‘साधी माणसं’त ती लोहाराच्या भट्टीपुढे बसलेली बायको झाली. नाचणाऱ्या पायांकडून राबणाऱ्या हातांकडे जावयास तिला सहा वर्षे लागली. पुढे तिच्याही भोवती सोशिकपणाचे एक कुंपण पडले, हे खरे; तरी कष्टकरी बाईचे शरीर पडद्यावर कसे दिसते हे तिने दाखवून दिले होते. सोनालीला ‘अप्सरा’पासून ‘हिरकणी’पर्यंत यावयास जवळजवळ दहा वर्षे लागली. हा फरक दोघींच्या गुणवत्तेत शोधू नये. तो त्यांच्यासाठी लिहिणाऱ्यांच्या गरजेत आणि धैर्यात आहे.

तेव्हा ‘हिरकणी’ ही तिच्या वाटचालीतली मोठी संधी होती. आणि आमच्या बाजूने पाहिले तर ती संधी जितकी नटीची तितकीच या मुलखाचीही होती. महाड-पोलादपूरच्या वाट्याला वीरकथा कमी आलेल्या नाहीत. पोलादपूर तालुक्यातल्या उमरठला तानाजी मालुसऱ्यांची समाधी आहे. त्या एका वीरावर ‘तान्हाजी’ (२०२०) आणि ‘सुभेदार’ (२०२३) असे दोन मोठे चित्रपट चार वर्षांच्या आत निघाले. खुद्द पोलादपुरात कवींद्र परमानंदांची समाधी आहे. त्यांनी ‘शिवभारत’ रचले. ते अपुरे राहिले, पण राजाला त्याच्या हयातीतच कवी मिळाला. दूध घालणाऱ्या बाईला कोणी कवी मिळाला नाही. तिला बायकांच्या तोंडी आणि शाळेच्या पुस्तकात जागा मिळाली. म्हणून तिच्यावर पहिल्यांदा पूर्ण लांबीचा, नव्या साधनांचा चित्रपट निघाला तेव्हा पाहणाऱ्याच्या मनात एक अपेक्षा होती. ही बाई काय काम करीत होती, ते दिसेल अशी.

कारण इथे हिरकणी हे केवळ मातृत्वाचे नाव नाही. रायगड समुद्रसपाटीपासून सुमारे ८२० मीटर उंच आहे. पायऱ्यांची वाट चढून गेलेल्या माणसाला, डोक्यावर ओझे घेऊन ती रोज चढणे म्हणजे काय, हे सांगावे लागत नाही. गडाच्या आसपासच्या वाड्यांतल्या बायका अजूनही ताक-दही, लिंबू-सरबत विकण्यासाठी उन्हातान्हात बसलेल्या दिसतात. पुरुषमाणूस बाहेर आणि घर बाईच्या खांद्यावर, ही या दोन तालुक्यांची जुनी रीत. कोणी मुंबईला गिरणीत गेला, कोणी फौजेत. महाड तालुक्यातले एक गाव तर ‘फौजी आंबवडे’ याच नावाने ओळखले जाते. चित्रपटातल्या हिरकणीचा नवरा जिवा हा महाराजांच्या सेवेतला मावळा आहे, हे लेखकाने योग्यच योजले. इथल्या प्रेक्षकाला ते घर ओळखीचे वाटते. आणि कडा? तो आम्हांला शोभेची वस्तू वाटत नाही. २२ जुलै २०२१ रोजी तळिये येथे दरड कोसळून ऐंशीहून अधिक माणसे गेली. पोलादपूर तालुक्यातल्या केवनाळे आणि साखर सुतारवाडी या वस्त्यांवरही त्याच पावसात डोंगर आला. ज्या मुलखात डोंगर घरावर येतो, तिथे रात्री एकटीने डोंगराच्या अंगावर जाणारी बाई म्हणजे काय, याची कल्पना करावयास संगणकाची मदत लागत नाही.

चित्रपटाने ही अपेक्षा निम्मी पुरी केली. पूर्वार्धात संसार, प्रेम, हास्यविनोद आणि राज्याभिषेकाचे भव्य गीत यांत बराच वेळ गेला. त्या गीतात परिचित कलावंत निरनिराळ्या लोककला सादर करतात आणि ते प्रेक्षणीय आहे. पण ज्या बाईची कथा सांगावयाची ती त्या गर्दीत प्रेक्षकांपैकीच एक होते. उत्तरार्धात कोजागिरीची रात्र येते, दरवाजे मिटतात आणि कडा सुरू होतो. इथे सोनाली कुलकर्णीने जे केले ते तिच्या आजवरच्या कामात मला सर्वांत मोलाचे वाटते. नृत्य करणाऱ्या नटीचा आपल्या शरीरावर ताबा असतो; कड्यावर तिला तो ताबा सुटत असल्याचे दाखवावयाचे होते. जे पाय ठेक्यावर अचूक पडत आले, ते इथे चाचपडतात. जे हात मुद्रा करीत, ते खडक पकडतात आणि सुटतात. श्वास लागतो तो सुंदर दिसत नाही, आणि दिसू नये याची तिने काळजी घेतली आहे. अप्सरेला आपल्याकडे कोणीतरी पाहते आहे हे सतत ठाऊक असते. कड्यावरची बाई आपल्याला कोणी पाहत नाही अशा तऱ्हेने वागते. नटीच्या आयुष्यात हा बदल थोडाथोडका नाही.

पण दिग्दर्शकाला तिच्या अंगावर पुरता भरवसा ठेवता आला नाही. कडा पुरेसा भयंकर नाही असे वाटून त्याने श्वापदे आणली, पार्श्वसंगीताचा कल्लोळ केला, आणि आईच्या महतीचा घोष इतका वाढविला, की कड्यावरच्या बाईऐवजी देव्हाऱ्यातली देवता दिसू लागली. देवता घाबरत नाही. आणि जी घाबरत नाही तिच्या उतरण्यात नाट्य कसले? हिरकणीच्या गोष्टीतला खरा प्रसंग कड्यावर नसून दरवाजाशी आहे, असे मला वाटते. पहारेकरी दुष्ट नाहीत; ते हुकमाचे ताबेदार आहेत. हुकूमही अन्यायाचा नाही. गडाची राखण त्यावर आहे. अशा बरोबर असलेल्या नियमापुढे जिची गरज त्याहून बरोबर आहे, अशी एक बाई उभी आहे. ती भांडून दार उघडून घेत नाही, रडत बसत नाही; पाठ फिरविते आणि तिसरी वाट शोधते. तो निर्णयाचा क्षण चित्रपटात आहे, पण तो क्षण चेहऱ्यावर थांबून पाहावा इतकी उसंत चित्रपटाला नाही. नटी तयार होती. तिच्यासमोर चित्र फार घाईत होते.

यानंतर काय झाले? ३ जानेवारी २०२० रोजी ‘धुरळा’ आला. समीर विद्वांस यांच्या या चित्रपटात सरपंचपदासाठी एकाच घरात पडलेली फूट आहे, आणि अलका कुबल, सई ताम्हणकर यांच्या बरोबरीने सोनालीने सत्तेची चव लागलेली सून चांगली उभी केली. तिला बोलता येते, डाव टाकता येतो, हे तिथे दिसले. २०२१ च्या ‘झिम्मा’त ती सात बायकांतली एक होऊन प्रवासाला निघाली, टाळेबंदीनंतर ओस पडलेली चित्रपटगृहे त्या चित्रपटाने पुन्हा भरली. समूहात आपला वाटा मोजून घेण्याचा हा शहाणपणा स्वागतार्ह आहे. पण दोन्ही चित्रपट अनेकांचे. ‘हिरकणी’नंतर एकटीच्या खांद्यावर तोलला जाणारा, तिच्याचसाठी लिहिला गेलेला, त्या तोलाचा दुसरा वग तिला मराठीने दिलेला मला तरी दिसत नाही. आणि जानेवारी २०२४ मध्ये लिजो जोस पेल्लिसेरी या नामवंत दिग्दर्शकाने तिला मोहनलालबरोबर ‘मलैकोट्टै वालिबन’ या मल्याळी चित्रपटात घेतले, तेव्हा दिलेली भूमिका कोणती? रंगराणी नावाच्या नर्तकीची. कड्यावरून उतरलेली बाई सह्याद्री ओलांडून दक्षिणेत गेली, तर तिथेही तिच्यासाठी फडच मांडून ठेवलेला होता.

यावर कोणी म्हणेल, की नाचता येणाऱ्या नटीने नाचू नये काय? जरूर नाचावे. नृत्य हे कमी प्रतीचे काम आहे, असे मानणाऱ्यांपैकी मी नव्हे. ‘नटरंग’ची लावणी कष्टाशिवाय झालेली नाही. माझे म्हणणे इतकेच, की गौरव करणाऱ्यांनी आपण वाट बंद तर करीत नाही ना, हे पाहावे. ‘अप्सरा’ म्हणून आपण तिला डोक्यावर घेतले आणि तिथून पुढे जाण्याची जागा चिरेबंदी करून टाकली. ‘हिरकणी’ म्हणून तिची पाठ थोपटली आणि आई या शब्दात तिच्या कामाचा सारा तपशील बुडवून टाकला. दोन्ही वेळा प्रेम खरेच होते. बुरूजही प्रेमानेच बांधला गेला असेल.

‘जैत रे जैत’मध्ये (१९७७) स्मिता पाटील ठाकराच्या चिंधीचे काम करते, तेव्हा ती डोंगराच्या मुलखातली वाटते, कारण त्या चित्रपटाने तिला चालू दिले, बसू दिले, न बोलता राहू दिले. सोनाली कुलकर्णीला तेवढी उसंत देणारी एखादी कथा मिळावी, अशी इच्छा आहे. ती ऐतिहासिकच असावी असे नाही. रोज पहाटे दुधाचा रतीब घालणारी, पावसाळ्यात दरडीच्या भीतीने मुले घेऊन शाळेत रात्र काढणारी, नवऱ्याच्या फोनची वाट पाहत घर चालवणारी बाई या दोन तालुक्यांत गावोगाव आहे. तिच्या नावाने बुरूज नाही आणि तिला अप्सरा म्हणण्याचे कोणाच्या मनातही येणार नाही.

हिरकणी बुरजावर उभे राहून खाली पाहिले म्हणजे बहुतेक माणसे कड्याची खोली पाहून चकित होतात आणि फोटो काढून परततात. खालच्या वाडीत ती रात्री पोहोचली त्यानंतर काय झाले, हे कोणी विचारीत नाही. मूल दूध पिऊन झोपले असेल. पण गाई होत्या आणि गिऱ्हाईक गडावर होते. तेव्हा दुसऱ्या दिवशी सकाळी ती पुन्हा दूध घेऊन पायऱ्या चढली असणार. या दुसऱ्या दिवसाचा चित्रपट अद्याप कोणी काढलेला नाही.